वाचनालयात रोज येणारे आजोबा, आणि काउंटरमागे बसणाऱ्याची जबाबदारी

प्रश्न विचारणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहेत (शासन सार्वजनिक वाचनालयांना 'अ' ते 'ड' असे वर्ग देतं, 'अ' सगळ्यात मोठा). त्यांच्याकडे पंचाहत्तरीचे एक आजोबा रोज सकाळी येतात. सून ऑफिसला जाताना त्यांना पेपर विभागात बसवून जाते आणि दुपारी नातू न्यायला येतो. अलीकडे आजोबा एकच पेपर चार-चार वेळा वाचतात आणि परवा त्यांना स्वच्छतागृह सापडलं नाही. शिवाय बौद्धिक दिव्यांगत्व असलेला पंचविशीतला एक मुलगा येतो. अभ्यासिकेतली पोरं त्याची मजा करतात. त्याच्या आईची इच्छा आहे की त्याला वाचनालयात काहीतरी काम द्यावं. कार्यकारी मंडळातले एक जण म्हणतात, 'उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात येईल, दोघांनाही येऊ नका म्हणून सांगा.' ताईंचा प्रश्न असा, की यांच्याकडे लक्ष ठेवणं हे आपलं काम आहे का, आणि असेल तर कुठपर्यंत?

ताई, मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. त्यातली पहिली सहा 'ड' वर्गात, एकटीने सगळं करत, आणि बाकीची एका 'अ' वर्ग वाचनालयात. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. येऊ नका म्हणू नका. पण आज जे चाललंय ते आहे तसंही चालू ठेवू नका. धोका आजोबांच्या येण्यात नाही, धोका न बोलता चाललेल्या व्यवस्थेत आहे. सुनेने गृहीत धरलंय की वाचनालयात कोणीतरी बघेल. तुम्ही गृहीत धरलंय की घरच्यांनी विचार करूनच सोडलं असेल. आणि आजोबांना कोणी विचारलेलंच नाही.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

आमच्याकडे एक काका येत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सकाळी आठला दार उघडलं की पहिले तेच. वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते तशीच. मुलगा त्यांना सोडायचा आणि बाराच्या सुमारास न्यायचा. त्या दिवशी मी रजेवर होते आणि काउंटरवर नवीन मुलगी होती. बारा वाजले तसं तिने पंखे बंद केले आणि म्हणाली, 'काका, बंद करायचंय.' काका उठले, पेपरची घडी घातली, काठीला अडकवली, चपला घालून बाहेर पडले. तिने कुलूप लावलं. तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, कारण तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यातली चूक माझी होती. मुलगा एक वाजता आला, तर दाराला कुलूप. त्याला वाटलं, वडील ओळखीच्या कोणाबरोबर घरी गेले असतील. घरी पोचला तर ते तिथेही नव्हते.

चार तास शोधाशोध चालली. विहिरी बघितल्या, नदीचा घाट बघितला. काका संध्याकाळी पाचला सापडले ते एसटी स्टँडवर. चौकशीच्या खिडकीशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाड्यांच्या वेळा सांगत होते. वेळा वीस वर्षांपूर्वीच्या होत्या, पण सांगण्यात कुठेही अडखळणं नव्हतं. ते हरवलेच नव्हते, ड्युटीवर गेले होते. उन्हाने ओठ सुकलेले, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि मुलाला बघून म्हणाले, 'तू इथे कसा?'

त्या दिवसानंतर मी जे काही शिकले ते पुढे लिहिते आहे. यातलं काहीच पुस्तकातून आलेलं नाही. कायद्याचं मात्र नीट वाचून घेतलंय, तेही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे दुपारी बंद होण्याची वेळ. आपल्या वाचनालयांतला सगळ्यात मोठा धोका पायऱ्या नाहीत, वायरिंग नाही, ही बारा ते चारची फट आहे. घरच्यांना ती नीट माहीत नसते, किंवा माहीत असूनही दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. त्या वीस मिनिटांत माणूस रस्त्यावर असतो. म्हणून बंद करण्याच्या पंधरा मिनिटं आधी फेरी मारायची. पेपर विभाग, अभ्यासिका, कपाटांच्या रांगा, स्वच्छतागृह, जिना, गच्चीचं दार. फक्त बंद करतोय म्हणून ओरडायचं नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन डोळ्यांनी बघायचं. आणि ज्यांना न्यायला कोणी येतं, त्यांना न्यायला माणूस येईपर्यंत कुलूप लावायचं नाही. हे रोज शक्य नाही असं शिपाई म्हणेल, आणि त्याचंही बरोबर आहे, त्यालाही घरी जेवायला जायचं असतं. म्हणूनच घरच्यांशी बोलणं आधी व्हायला हवं. पावणेबाराला न्यायला या, बाराला नाही. एवढं एक वाक्य बोलल्यावर आमच्याकडचे निम्मे प्रश्न संपले.

आता घरच्यांशी बोलायचं कसं. तुम्ही सुनेला फोन करून 'तुमचे सासरे विसरायला लागलेत' असं म्हणालात तर ती बावरेल, आणि बहुधा दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरात कोंडून ठेवेल. असं झालेलं मी बघितलंय. त्याहून आधी, आजोबांशी बोला. ते प्रौढ आहेत आणि वाचनालयाचे सभासद आहेत. 'आजोबा, तुम्ही रोज येता, मला बरं वाटतं. कधी बरं वाटेनासं झालं तर कोणाला फोन करू?' एवढंच विचारा. बहुतेक माणसं खुशीत नंबर देतात, नाहीतर खिशातली डायरी काढतात. मग त्यांच्यासमोर, त्यांना वगळून नाही, सुनेशी किंवा नातवाशी बोला. डॉक्टरी निदान तुम्ही करू नका. जे दिसलं तेवढंच सांगा. 'परवा त्यांना स्वच्छतागृहाची वाट सापडली नाही, थोडे गोंधळले होते. तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून घ्याल का?' भारतात साठीपुढच्या माणसांत साधारण शंभरात सातांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहे, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. तुमच्या पेपर विभागात रोज पंधरा आजोबा बसत असतील तर त्यात एखादा सहज असू शकतो. त्यामुळे हे काही जगावेगळं नाही. आणि विसरण्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, चुकीच्या गोळ्या किंवा नैराश्यही असू शकतं, जे उपचाराने सुधारतं. म्हणून तर दाखवा म्हणायचं.

मग एक कार्ड करा. आपल्याकडे जुनी तालिका-कार्डं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची कार्डं, पडलेली असतात, तीच घ्या. मी त्यावर लिहायची ती माहिती अशी: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. कोण सोडतं, कोण नेतं, किती वाजता. दोन फोन नंबर, एक तरी घराबाहेरच्या माणसाचा. ऐकायला-दिसायला काही अडचण आहे का. कशाने घाबरतात आणि कशाने शांत होतात. आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ, पूर्वी कुठे राहायचे आणि कुठे नोकरी करायचे. एसटीवाल्या काकांच्या कार्डावर ती ओळ असती तर आम्ही पहिल्या अर्ध्या तासात स्टँडवर पोचलो असतो. विसरलेली माणसं कुठेतरी भरकटत नाहीत, ती बहुतेक वेळा जुन्या घरी, जुन्या शाळेत, जुन्या कामावर निघालेली असतात. कार्ड काउंटरच्या खणात कुलपात ठेवायचं. भिंतीवर लावायचं नाही, मंडळाच्या सभेत वाचून दाखवायचं नाही. माणसाचं आजारपण हा इतिवृत्तात नोंदवायचा विषय नाही.

बसण्याच्या जागेबद्दल एक बारीक गोष्ट. त्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका, पण त्यांची नेहमीची खुर्ची तुमच्या काउंटरवरून दिसेल अशी असू द्या, आणि शक्यतो दाराकडे पाठ करून. समोर उघडं दार दिसत राहिलं की 'चला, निघायला हवं' असं मनात येतं. दाराशी काळं पायपुसणं असेल तर बदला. नजर अधू झालेल्या माणसाला ते खड्ड्यासारखं दिसतं आणि तो ते ओलांडायला जाऊन पडतो. स्वच्छतागृहाच्या दारावर मोठ्या ठळक अक्षरांत नाव आणि खाली चित्र लावा. आणि कडी. आतून लागणाऱ्या साध्या आडव्या कडीच्या जागी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी लावून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फार महाग नाही. चक्कर येऊन आत पडलेल्या माणसासाठी दार फोडायची वेळ आमच्यावर एकदा आली. पुन्हा ती वेळ नको म्हणून दुसऱ्याच दिवशी कडी बदलली.

बोलताना समोरून जा, पाठीमागून खांद्यावर हात ठेवू नका. 'मला ओळखलंत का?' असं विचारू नका, तो प्रश्न त्या माणसाला परीक्षेसारखा वाटतो. स्वतःचं नाव सांगा. आणि ते म्हणाले की मला ड्युटीवर जायचंय, तर 'तुम्ही निवृत्त झालात' असं सुनावून काही मिळत नाही. 'आज कोणत्या गाडीची ड्युटी?' असं विचारलं की बोलणं सुरू होतं, आणि बोलता बोलता ते पुन्हा खुर्चीत बसतात. मी हे शेकडो वेळा केलंय. सुरुवातीला खोटं बोलतोय असं वाटायचं, नंतर कळलं की आपण त्यांच्याबरोबर दोन पावलं चालतोय, एवढंच.

एवढं करूनही माणूस दिसेनासा झालाच तर? पाच मिनिटं इमारत शोधा, अगदी बंद खोल्यासुद्धा. सापडला नाही तर लगेच घरी फोन आणि त्याच्याबरोबर ११२ ला. पोलिसांत जायला चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि ती खोटी आहे. बेपत्ता झाल्याची खबर त्याच घटकेला देता येते. फोटो लागतो, म्हणून घरच्यांच्या परवानगीने एक फोटो कार्डाला लावून ठेवा. अंगावर त्या दिवशी काय कपडे होते ते तुमच्या माणसाला आठवायला हवं. आम्ही पुढे ही सवयच लावून घेतली, सकाळी नमस्कार करताना शर्टाचा रंग बघायचा.

आता जबाबदारी. मंडळातल्या सभासदांचं म्हणणं मी फेटाळून लावणार नाही, कारण त्यांची भीती खरी आहे. वाचनालय हे पाळणाघर नाही आणि ग्रंथपाल हा पालक नाही. पण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपण शासनाचं अनुदान घेतो ते सार्वजनिक म्हणून. सार्वजनिकचा अर्थ ज्यांना सांभाळणं सोपं आहे तेवढ्यांचं असा होत नाही. तुम्ही कोणती कामं करणार नाही हे स्पष्ट असलं की बाकीची करायला भीती वाटत नाही. आमच्याकडे ठरलेलं होतं. औषधाची गोळी आम्ही देणार नाही. स्वच्छतागृहात आत जाऊन मदत आम्ही करणार नाही, ती गरज असेल तर घरचं माणूस सोबत हवं. कोणाचे पैसे, एटीएम कार्ड, पासबुक काउंटरवर ठेवून घेणार नाही, तासाभरासाठीही नाही. एकट्याने कोणालाही स्कूटरवर बसवून घरी सोडायला जाणार नाही, दोघे असतील तर जाऊ. बंद दाराच्या खोलीत स्टाफमधला कोणी एकटा कोणाबरोबर बसणार नाही. शेवटचा नियम स्टाफला सुरुवातीला अपमानासारखा वाटला. पण तो त्यांचंही रक्षण करतो हे पुढे पटलं. आणि तुमच्यासारख्या तिघांच्या स्टाफमध्ये एक जण गैरहजर असेल, तर त्या दिवशी घरी फोन करून सांगायचं की आज माझ्याकडे माणूस नाही, आज सोबत कोणी पाठवा. हे सांगायला लाजू नका. 'ड' वर्गात मी एकटी असताना हे सांगितलं नाही, आणि त्या सहा वर्षांत किती वेळा नशिबाने निभावलं ते मलाच माहीत.

लुबाडणूक हा वेगळा विषय आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. पेपर विभागात बसणारी एकटी, पेन्शन घेणारी माणसं हेरायला लोक येतात. आमच्याकडे झेरॉक्स मशीन होतं. एक तरतरीत माणूस तीन दिवस एका आजींना घेऊन येत होता. आधी आधारची झेरॉक्स, मग पासबुकाची, मग सातबाऱ्याची. आजी प्रत्येक वेळी म्हणायच्या, 'हा फार चांगला मुलगा आहे हो.' तिसऱ्या दिवशी तो बाहेर फोनवर बोलत होता तेव्हा मी आजींजवळ जाऊन बसले आणि विचारलं, 'कशासाठी काढताय कागद?' त्यांना माहीत नव्हतं. मी त्या माणसाला काही बोलले नाही. म्हटलं, मशीन बिघडलंय, उद्या या, आणि आजींच्या मुलीला फोन लावून दिला, आजींसमोर, त्यांना विचारून. पुढे कागद बक्षीसपत्राचे निघाले. आजकाल तर फोनवरूनच 'पोलीस बोलतोय, तुम्हाला अटक झालीय, व्हिडिओ कॉल बंद करू नका' म्हणून घाबरवतात. पेपर विभागात एखादे आजोबा फोन समोर धरून घाम पुसत बसलेले दिसले तर जाऊन विचारा. कोणत्याही यंत्रणेला फोनवर अटक करता येत नाही, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पेपर विभागात लावा, खाली सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक. पैसे गेले असतील तर पहिल्या तासा-दोन तासांत केलेला फोन उपयोगी पडतो. घरातच हाल होत असतील, उपाशी ठेवत असतील, हाकलून देत असतील तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायची जबाबदारी असताना आईवडिलांना सोडून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचं नाव पहिल्या भेटीत काढू नका, दार बंद होतं.

आता त्या मुलाबद्दल. पोरं मजा करतात असं तुम्ही लिहिलंत, आणि ते वाचून मी थांबले. मजा म्हणजे नक्की काय ते तुम्ही बघितलं आहे का? आमच्याकडे मजा म्हणजे त्याला नाचायला लावून मोबाइलवर शूटिंग करणं होतं. तो हसायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं की त्याला आवडतंय. एके दिवशी तो मला म्हणाला, 'मॅडम, आज नाही नाचलो तर चालेल ना?' ताई, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वर्षभर माझ्या नाकासमोर चाललं होतं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं किंवा धमकावणं याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. अभ्यासिकेतली पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांना एकदा शांतपणे बसवून ते कलम वाचून दाखवा आणि सांगा की चारित्र्य पडताळणीच्या वेळी असा गुन्हा नावावर असला तर काय होतं. पोरं वाईट नसतात, कोणी कधी थांबवलेलं नसतं. व्हिडिओ पुसून घ्या, तुमच्यासमोर. आणि ज्याने सगळ्यात जास्त त्रास दिला त्यालाच 'याच्याशी रोज दहा मिनिटं पेपर वाच' असलं काम देऊ नका. काही लोक तसं सुचवतात. ती शिक्षा त्या मुलावर होते.

याहून गंभीर काही असेल, विशेषतः बाईमाणसाच्या बाबतीत, तर थांबू नका. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली एक तरुणी आमच्याकडे येत असे. एक मध्यमवयीन सभासद तिच्यासाठी चॉकलेटं आणायला लागला आणि तिला मागच्या संदर्भ विभागात बसायला बोलवायला लागला. काही घडण्याआधी लक्षात आलं ते आमच्या शिपाईमावशींच्या, कारण त्या झाडू मारताना सगळीकडे फिरतात. लक्ष ठेवण्याचं काम ग्रंथपालापेक्षा त्या चांगलं करतात, त्यांना ते अधिकृतपणे सांगा आणि त्यांचं ऐका. अशा वेळी तारीख, वेळ, काय दिसलं, कोण बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, स्वतःची मतं न घालता. त्या मुलीला खोदून खोदून प्रश्न विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं. २०१६ च्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे छळ, हिंसा किंवा शोषण होतंय, किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारा कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तहसीलदारांकडे, माहिती देऊ शकतो. गुन्हा घडला असेल तर थेट ११२, बाईमाणसासाठी १८१ ही आहे. 'वाचनालयाचं नाव खराब होईल' हे वाक्य मंडळात येईलच. त्यावर माझं उत्तर ठरलेलं असे, नाव आजच खराब झालंय, आता लपवून ते आणखी होईल.

आणखी दोन प्रसंग तुमच्यावर येतीलच, म्हणून लिहिते. पहिला फिटचा. वाचनकक्षात कोणाला फिट आली की चार जण धावतात, एक कांदा शोधतो, एक चप्पल हुंगवतो, एक तोंडात चमचा घालायला बघतो. यातलं काहीच करायचं नाही. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, कुशीवर वळवा, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, किंवा एकामागून एक फिट आली, तर १०८. शुद्धीवर येताना त्या माणसाभोवती गर्दी नको, कपडे ओले झाले असतील तर चादर द्या. तेवढी एक चादर कपाटात असू द्या.

दुसरा, स्वतःशी मोठ्याने बोलणारा, कधी ओरडणारा माणूस. त्याला घेरू नका, आवाज चढवू नका, बाहेरची वाट मोकळी ठेवा. नियम वागण्याला लावा, माणसाला नको. 'इथे मोठ्याने बोलता येत नाही' हे सगळ्यांना सारखंच सांगायचं, आणि तो गप्प बसून पेपर वाचत असेल तर तो अंघोळ करून आलाय की नाही हा आपला प्रश्न नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, तुम्हीही सल्ला विचारू शकता. त्याला स्वतःला सांभाळता येत नसेल आणि घरचं कोणी नसेल तर पोलिसांना सांगावं लागतं. पण तेव्हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० त्यांना माहीत असतंच असं नाही, म्हणून तुम्हाला माहीत हवं. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. एका हवालदारांना मी हे कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या माणसाला चहा पाजून सरकारी दवाखान्यात नेलं.

राहिला आईचा प्रश्न, मुलाला काम द्यायचं का. आधी एक गैरसमज. तो पंचवीस वर्षांचा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आई आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईला हे माहीत नसेल तर सांगा, तिच्या पश्चात काय या काळजीवर तो एक उपाय आहे. पण वाचनालयाच्या सभासदत्वासाठी असल्या कागदाची गरज नाही. त्याच्या नावाने कार्ड काढा, अनामत घ्या, त्याची सही किंवा अंगठा घ्या. कार्ड आईच्या हातात देऊ नका, त्याच्या हातात द्या.

कामाबद्दल म्हणाल तर द्या, पण खरं काम द्या. रोज एकच तास, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, काउंटरच्या नजरेत. शिडीवर चढणं नाही, चहा आणायला रस्ता ओलांडून पाठवणं नाही, स्टाफची खाजगी कामं तर नाहीतच. त्याची कीव म्हणून फुकट राबवून घेऊ नका, मंडळाकडून थोडं का होईना मानधन मंजूर करून घ्या आणि ते त्याच्याच खात्यात जमा करा. अंगावर धावून येणारी माणसं, मोठा आवाज, गर्दी यातलं त्याला काय झेपत नाही ते त्यालाच विचारा, मग आईला.

आमच्या नाचणाऱ्या मुलाला मी शिक्के मारायला बसवलं. नवीन पुस्तकांवर पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही आपण शिक्का मारतो ना, तसा. सुरुवातीचे आठ दिवस शिक्के तिरके, शाई सगळीकडे. मग त्याने स्वतःच पुठ्ठ्याची एक चौकट कापून आणली, पानावर ठेवायची आणि मधे शिक्का मारायचा. मी घाईत दाखलनोंद (नव्या पुस्तकाची रजिस्टरमधली नोंद) करून पुढे ढकललेली पुस्तकं तो एकेक उघडून बघायचा. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात त्याने माझ्यासमोर तीन पुस्तकं आणून ठेवली, ते पान उघडून, आणि बोट ठेवून म्हणाला, 'मॅडम, हे राहिलेत.' तिन्ही मीच मारायला घेतलेली होती.